एकदा विकलेला माल

गेल्या दिवाळीच्या तोंडावर घरी नवा मिक्सर आला. अनारशांचे तांदूळ घातले, दुसऱ्याच मुठीला जळका वास आला, थोडा धूर निघाला आणि भांडं थांबलं. दुकानदार गोड बोलला. "भाऊ, नागपूरले पाठवा लागन. पंधरा-वीस दिवस धरून चाला." मग त्याने बिलाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे जांभळ्या शाईचा शिक्का होता : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आणि मी, उसनं मागायला गेल्यासारखा, ओशाळून परतलो.

भंडारा हे पितळेचं गाव. इथल्या बाया गुंड घेताना टिचकी मारून नाद ऐकायच्या, पाणी भरून बुडावर बोट फिरवायच्या. खोट कानाला कळायची, जुनं भांडं मोडीत जायचं. मिक्सरला टिचकी मारून काय कळणार? त्याची खोट आत, सीलबंद.

म्हणून कायदा लागतो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तो शिक्का या कलमापुढे नुसती शाई. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. पण "पक्कं बिल घ्याल तर जीएसटी पडेल" म्हटलं की आपणच कच्च्या चिठ्ठीवर खूश होतो! जिल्हा आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

आपल्या धानाच्या जिल्ह्याला मिक्सरपेक्षा बियाणं जवळचं. सदोष बियाण्याने फसलेला शेतकरी ग्राहकच, त्याला ग्राहक मंचाकडे (म्हणजे आताच्या आयोगाकडे) दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं. पण पेरणी झाली की रिकामी पिशवी आपण बांधावर फेकतो, टॅगसकट. पुरावा तोच असतो.

मिक्सरसाठी मी दुकानदाराला दोन ओळींचा अर्ज दिला, 30 दिवसांचं कलम लिहिलं, पोच घेतली. नवा मिक्सर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आला. अनारसे तोवर शेजारच्या काकूंच्या मिक्सरवर होऊन संपलेही होते.

हाच नियम आता आमच्या या अंकालाही. एखादं पान कोरं निघालं, फॉर्मा उलटा शिवला गेला, तर मंडईला येताना घेऊन या. बदलून देऊ, बिलही मागणार नाही. शब्दकोडं तेवढं सोडवलेलं नसावं.