खडखड इंजिनाची की मक्तेदारीची?

जुन्या डिझेल मोटारीचे थंड इंजिन सुरू करताच क्षणभर खडखडते, तेव्हा दोष अनेकदा टायमिंग चेनचा असतो. साखळी ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. दाब चढेपर्यंत झिजून लांबलेली साखळी पट्ट्यांवर आपटते. दुर्लक्ष केल्यास ती दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. साखळी, टेन्शनर व पट्ट्या एकदम बदलणे हा त्यावरचा उपाय. गल्लीतल्या कुशल मेस्त्रीच्या तो आवाक्याबाहेरचा नाही.

मग गाडीवाल्याला कंपनीच्याच दारात का जावे लागते? अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रे कंपन्यांनी मुठीत ठेवली म्हणून! हा केवळ आमचा आरोप नव्हे. याच वर्तनाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला.

अप्रशिक्षित हातांनी सुरक्षितता धोक्यात येईल, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. तर मग त्या हातांना प्रशिक्षण द्या! ज्ञान कोंडून ठेवायचे आणि अज्ञानाचा ठपका श्रमिकावर ठेवायचा, ही या देशातली जुनीच रीत आहे.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोटारी आणि शेतीची अवजारे तिच्या कक्षेत होती. समितीने हक्क मिळत नसतो, तो कायद्याने मिळतो. त्या कायद्यासाठी गॅरेज-कामगार, रिक्षाचालक व शेतकरी यांना एकत्र आणणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.