चूक नेमकी सांगावी

आमच्या संगणक-कक्षाच्या कोपऱ्यात एक काळी पेटी आहे. तिला पडदा नाही, कळफलक नाही. मागच्या बाजूस एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकत असतो. परंतु ह्या एका सर्व्हरच्या पोटात तीन निराळी यंत्रे नांदतात. एकात ग्रंथालयाची सूची आहे, दुसऱ्यात दहावीच्या विद्यार्थ्यांचा सराव, तिसऱ्यात ह्याच वार्षिकाचे जुने अंक. ह्यांना आभासी यंत्रे म्हणतात. ही कल्पना तशी जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात तिचे प्रयोग केले आणि १९७२ साली तशी प्रणाली ग्राहकांपुढे ठेवली. आज प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त प्रणालीमुळे ती शाळेच्या आवाक्यात आली आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. तथापि कक्षाची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे ह्या पेटीचा सांभाळही माझ्याकडे आला.

गेल्या वर्षी शाळेत नवा राउटर बसला आणि सर्व यंत्रांचे पत्ते बदलणे भाग पडले. घराला जसा क्रमांक, तसा जाळ्यातील प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. सर्व्हरला १९२.१६८.१.१० हा पत्ता द्यावयाचा होता. शुक्रवारी सायंकाळी मी माझ्या संगणकावरून त्याचे पान उघडले, हातातील चिठोऱ्यावरून आकडे भरले आणि बदल लागू करण्याची कळ दाबली. पान तत्क्षणी गोठले. पुन्हा उघडू गेलो, उघडेना. रात्री घरी चिठोरे पाहिले तेव्हा उलगडा झाला. घाईत मी १९२.१६८.१०.१ असे उतरवून घेतले होते. शेवटचे दोन आकडे उलटे झाले होते. मी ते चिठोरे घडी करून खिशात ठेवले.

शनिवारी सकाळी मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा मी एवढेच म्हणालो, "काल दुपारपर्यंत चालू होता." हे वाक्य खोटे नव्हते, म्हणूनच ते अधिक वाईट होते. सोमवारी प्रात्यक्षिक होते. काल कक्षात शेवटी कोण होते ह्याची चौकशी झाली आणि नववीतील एका मुलाला बोलावणे गेले. अपुरे काम पुरे करण्यासाठी तो माझ्याच परवानगीने थांबला होता. "मी काही केलं नाही, सर," असे तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी खिडकीबाहेर पाहिले.

दुपारी दुरुस्तीसाठी एक तरुण आला. त्याने तारा तपासल्या, स्विच बदलून पाहिला, पेटी दोनदा बंद करून सुरू केली. पडदा जोडावा, तर आमच्या जुन्या पडद्यांची तार त्या पेटीस बसेना. मग माझ्याकडे वळून तो कोंकणीत म्हणाला, "निमाणें कितें बरयलें तुमी?" शेवटी काय लिहिलेत तुम्ही, एवढाच प्रश्न. आरोप करण्याचा स्वर त्यात नव्हता. मी खिशातून चिठोरे काढून त्याच्या हाती दिले आणि म्हणालो, "चूक म्हजी."

त्याने ते वाचले आणि हसून आपला लॅपटॉप एका तारेने पेटीला जोडला. लॅपटॉपला त्याने हाताने पत्ता दिला, १९२.१६८.१०.५, म्हणजे चुकीच्याच गावात जाऊन तो तिचा शेजारी बनला. नंतर १९२.१६८.१०.१ आणि पुढे ८००६ हा दारक्रमांक लिहिला, तोच सर्व्हरचे पान समोर उभे राहिले. यंत्र मुळी बिघडलेच नव्हते. मी सांगितलेल्या पत्त्यावर ते रात्रभर इमानाने वाट पाहत होते. दुरुस्तीस पाच मिनिटेही लागली नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, त्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची किल्ली माझी चूक हीच होती, आणि तीही अंकाअंकाने नेमकी. "काहीतरी चुकले असावे" एवढे मोघम सांगून भागले नसते. मी ती किल्ली खिशात ठेवली आणि एका निरपराध मुलाला सर्वांसमोर उभे राहू दिले.

मोठ्यांच्याही हातून असेच घडते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्री नऊनंतर, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे जाळेच तुटले. अशी आज्ञा अडविणाऱ्या तपासणीतही दोष होता. दुरुस्तीची साधने त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले. परंतु दुसऱ्याच दिवशी कंपनीने हे सारे स्वतः लिहून प्रसिद्ध केले. त्या कंपनीविषयी इतर बाबतींत कोणाचे मत काहीही असो, हा धडा घेण्याजोगा आहे.

कोणी म्हणेल, चुकीला अभय दिले तर मुले बेफिकीर होतील. मला तसे वाटत नाही. बेफिकिरीवर उपाय शिक्षेहून सावधगिरीचा आहे. जुनिपर कंपनीच्या जाळे-यंत्रांत अशी सोय आहे की, बदल केल्यावर ठराविक वेळेत, एरवी दहा मिनिटांत, माणसाने तो पक्का केला नाही, तर यंत्र आपण होऊन जुन्या व्यवस्थेवर परत येते. माणूस चुकणार हे तेथे गृहीतच धरले आहे. याउलट, चूक सांगणाऱ्यालाच जर शिक्षा होत असेल, तर मुले चूक करण्याचे नव्हे, सांगण्याचे सोडतील.

म्हणून मी कक्षात आता एक वही ठेवली आहे. कोणताही बदल करण्यापूर्वी जुना आकडा, नवा आकडा, वेळ आणि सही तीत लिहावयाची. आपली चूक जो आपण होऊन लिहील त्याला शिक्षा नाही. पेटीला बसणारा पडदाही आता शेजारी आहे. हा नियम केवळ संगणक-कक्षापुरता न राहता प्रयोगशाळेत, ग्रंथालयात आणि शिक्षकांच्या खोलीतही लागू व्हावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

वहीतील पहिली नोंद माझी आहे. सोमवारी नववीच्या वर्गात ती मी मोठ्याने वाचली आणि त्या मुलाची क्षमा मागितली. त्याने मान हलविली आणि तो खाली बसला. सर्व्हर पाच मिनिटांत परत मिळाला. त्या मुलाचा माझ्यावरील विश्वास परत मिळावयास किती दिवस लागतील, ते त्यानेच ठरवावयाचे आहे.