रेल्वेच्या डब्यासारख्या घरात राहायला जाताय? आधी हवा, ऊन आणि दार बघा

रेल्वेच्या डब्यासारखं एवढंसं घर, आत बर्थसारखे एकावर एक पलंग, छोटी खिडकी, दाराशी हिरवा-लाल कंदील. अशा घरात एक-दोन रात्री राहायची हौस सध्या अनेकांना असते. मुंबई सेंट्रल स्थानकात तर नोव्हेंबर 2021 पासून 48 पॉडचं हॉटेल सुरू झालं. माणूस झोपेल, बसेल एवढीच जागा असलेल्या या खोल्यांची कल्पना मूळची जपानची. असं पहिलं कॅप्सूल हॉटेल 1979 मध्ये ओसाका शहरात निघालं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जरूर जा, मुलांना घेऊन जा. खोली लहान आहे म्हणून कुणी आजारी पडत नाही. आजार येतो तो कोंदट हवेतून, तापलेल्या छतातून आणि बंद दारातून. आपण मात्र बुकिंग करताना फोटो बघतो आणि या तीन गोष्टी विचारत नाही.

नंदुरबारच्या डब्यांनी काय शिकवलं?

आपलं नरडाणा ज्या लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावर शिंदखेडा, दोंडाईचा ओलांडलं की नंदुरबार लागतं. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नंदुरबार स्थानकावर रेल्वेचे डबे उभे करून त्यात रुग्ण ठेवले होते. डब्यात 'राहणं' म्हणजे काय, याचा आपल्या खान्देशातला हा खरा अनुभव.

त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ज्या स्लीपर डब्यात एरवी 72 बर्थ असतात, त्यात रुग्ण मात्र 16 च ठेवायचे ठरलं होतं. मधला बर्थ काढला, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावली, एका शौचालयाचं न्हाणीघर केलं. आणि डबे निवडले ते बिगर-एसी, म्हणजे खिडक्या उघडता येणारे. कारण एसी डब्यात बरीचशी तीच ती हवा फिरत राहते. दुसरी गोष्ट उन्हाची. उभा डबा एप्रिलच्या उन्हात तापतो, त्यामुळे तिथे कूलर लावावे लागले आणि छतावर ओलं गोणपाट टाकावं लागलं.

थोडक्यात, माणसं कमी करा, खिडकी उघडा, छत गार ठेवा. कोणत्याही छोट्या घराला हेच लागू पडतं.

रात्रीत ऑक्सिजन संपतो का?

नाही. दार-खिडकी लावून झोपलात तरी साध्या खोलीतला ऑक्सिजन एका रात्रीत संपत नाही, कारण फटीतून थोडी हवा येतच असते. मात्र आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. त्यामुळे सकाळी डोकं जड होतं, झोप झाल्यासारखी वाटत नाही. काही जणांना बंद जागेची भीती असते. 'जीव घाबरी ऱ्हायना' असं सांगत येणाऱ्या प्रत्येकाला हृदयाचा आजार नसतो. पण छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर भीती समजून घरी बसू नका. आधी तपासून घ्या.

ज्यांना दमा आहे, त्यांनी नव्या कोऱ्या खोलीत शिरताच रंगाचा, प्लायवूडचा उग्र वास येतो का ते बघावं. येत असेल तर खोली बदलून मागा. इनहेलर बॅगेत नको, उशाशी ठेवा.

खरा धोका: गॅस गिझर आणि शेगडी

छोट्या घरात न्हाणीघरही छोटं असतं. तिथे गॅस गिझर असेल आणि धूर बाहेर जायला वाट नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलं तरी तेच होतं. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर आणि मग शुद्ध जाणं, हा क्रम कधी कधी काही मिनिटांतच होतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी 98 सुद्धा दाखवेल. त्यावर विसंबू नका.

एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर वायूची शंका घ्या. दार उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल, तर मी म्हणेन गार पाण्याने अंघोळ करा.

मे महिन्यातला लोखंडी डबा

धुळे-जळगावचा पारा मे महिन्यात 44-45 पर्यंत जातो. पत्र्याची किंवा कंटेनरची खोली बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते. हवा 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा अंग ओलं करणं, पाणी पिणं आणि दुपारी त्या खोलीतून बाहेर पडणं, हाच उपाय. ताप 40 च्या पुढे आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

वरचा बर्थ कुणी घेऊ नये?

साठीच्या पुढची माणसं, फिट येणारे, झोपेची गोळी घेणारे, रक्त पातळ होण्याचं औषध चालू असलेले आणि लहान मुलं यांना खालीच झोपवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठलं की चक्कर येते. रात्री दोनदा लघवीला उठणारा मधुमेही माणूस अंधारात शिडी उतरताना पडला, तर दोन दिवसांची हौस खुब्याच्या ऑपरेशनवर जाते. खाली झोपलात तरी पायाशी छोटा दिवा असू द्या. आणि आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट कुठली, हे दिवसाउजेडीच बघून ठेवा.

ज्यांना दोन दिवसांनी परत जाता येत नाही

हे सगळं हौशी पाहुण्यांसाठी झालं. पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्यांबद्दल. औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली चार-पाच मुलं एकाच पत्र्याच्या खोलीत राहतात, पाळीपाळीने झोपतात, तिथेच स्वयंपाक करतात. तेही छोटंच घर. फरक एवढाच की, तिथे फोटो काढायला कुणी जात नाही. अशा खोलीत एकाला टीबी झाला, तर सगळे महिनोन् महिने तीच हवा घेत असतात.

म्हणून खोल्या भाड्याने देणाऱ्यांना माझी विनंती आहे. एका खिडकीसमोर दुसरी खिडकी किंवा झरोका काढा, म्हणजे हवा आरपार जाईल. उन्हाळ्याआधी पत्र्याला पांढरा चुना मारा. खर्च थोडा आहे, पण राहणाऱ्याची झोप आणि तब्येत त्यावर अवलंबून आहे. आणि तिथे राहणाऱ्यांनो, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत.

पर्यटकाच्या खोलीत आपण जे मागतो, ते कामगाराच्या खोलीतही मागितलं पाहिजे. पुढच्या वेळी खोली भाड्याने घ्याल किंवा द्याल, तेव्हा दार लावून दहा मिनिटं आत बसून बघा. तुमचाच जीव कोंडला, तर ती खोली झोपण्यासारखी नाही.