बहिरी ससाण्याचा शृंगार : रस, रसाभास की आपला आळस?

न्यूयॉर्कमधील पुलांवर आणि उंच इमारतींवर बहिरी ससाण्यांच्या जोड्या राहतात. हिवाळा सरू लागला की त्यांचे प्रणयाराधन सुरू होते आणि त्याबरोबर 'आकाशातील प्रेमकहाणी' छापाचे लेखनही. नर प्रियकर, मादी प्रेयसी, आणलेले कबूतर म्हणजे भेटवस्तू! या भाबड्या वाचनाला आमचा आक्षेप आहे.

तो जुन्या काव्यशास्त्राच्या बाजूने मात्र नाही. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त पशुपक्ष्यांच्या रतीला रसाभासात ढकलले. एकाने पक्ष्याला माणूस केले, दुसऱ्याने तो माणूस नाही म्हणून कमी लेखले. दोघांची मोजपट्टी एकच.

प्रत्यक्षात घडते काय? नर मादीहून सुमारे एक तृतीयांशाने लहान असतो. तो शिकार घेऊन येतो. मादी उडता उडता उलटी होऊन ती त्याच्या नखांतून घेते. कपारीवर दोघे माना लववून एकमेकांना साद घालतात. काटक्यांचे घरटे ते बांधत नाहीत. खडीत उकरलेला खळगा त्यांना पुरतो. अंडी उबवण्याचे बहुतेक काम मादीकडे असते आणि त्या काळात ती मुख्यतः नराच्या शिकारीवर जगते. तेव्हा ती 'भेटवस्तू' ही खरे तर परीक्षा आहे. 'परीक्षा' हाही आमचाच शब्द, हे मान्य. पण तो घडणाऱ्या क्रियेवर टेकलेला आहे.

प्रेमकहाणीत आणखी एक गोष्ट हरवते. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटू लागली. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पूर्व अमेरिकेत या पक्ष्याची वीण संपली होती. त्याआधीच्या वर्षांत जोड्या जमत होत्या, शिकार दिली-घेतली जात होती. पिल्ले मात्र होत नव्हती. १९७० मध्ये टॉम केड यांनी 'पेरेग्रिन फंड' स्थापन केला, १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली, बंदिस्त वाढवलेली पिल्ले मोकळी सोडली गेली आणि १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या पुलांवर ससाणे पुन्हा वीण करू लागले. आज दिसणाऱ्या त्या शृंगारामागे एक कायदा आणि अनेकांचे कष्ट आहेत.

वर्गात कवितेत पक्षी आला की आपण विद्यार्थ्यांना लगेच विचारतो, 'हा कशाचे प्रतीक?' तो पक्षी कोणता, काय खातो, कुठे वाढतो, हे विचारायला आपण कधी शिकवणार आहोत?