व्याज चालू राहील



या अंकात कर्जाविषयी लिहायचे ठरले तेव्हा संपादकीय कोणी लिहावे यावर फारशी चर्चा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कारण २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीच्या काळात, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते.

आमच्या संस्थेचा प्रकल्प त्या वर्षीच्या फेब्रुवारीत संपला आणि पुढचे अनुदान आलेच नाही. समाजकार्याची पदवी घेऊनही घरभाडे भरायचेच असते. सांगलीतल्या माझ्या एका मैत्रिणीचा कर्जखाती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा छोटा धंदा होता. ती स्वतः, दोन प्रोग्रॅमर, फोन घेणारी एक मुलगी आणि दोन खोल्यांचे ऑफिस. गिऱ्हाईक म्हणजे अकरा पतसंस्था आणि बायकांना गटाने कर्ज देणाऱ्या दोन लहान फायनान्स कंपन्या. कारकुनांना प्रोग्रॅम शिकवायचा आणि मराठी मजकूर लिहायचा, हे माझे काम. 'तू बायकांशी बोलतेस, तुला त्यांची भाषा येते,' असे ती म्हणाली आणि मलाही ते पटले.

२५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की, १ मार्च ते ३१ मेपर्यंतचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा कर्ज देणाऱ्यांना आहे. पुढे ही मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. 'मुभा' हा शब्द नीट वाचा. सक्ती नव्हती. आणि हप्ता थांबला तरी त्या काळाचे व्याज थांबणार नव्हते, हेही त्याच परिपत्रकात स्पष्ट होते.

चार दिवसांवर मार्चअखेर. आमचा प्रोग्रॅम रोज दिवसअखेरीला प्रत्येक खात्याचे थकलेले दिवस आपोआप मोजायचा. ते मोजणे थांबवायचे, पण व्याज धरत राहायचे, असा बदल करायचा होता. आमच्या प्रोग्रॅमरपैकी एकीचे मूल दोन वर्षांचे. ती रात्री अकरानंतर कामाला बसायची. नवरा घरीच होता, पण 'त्याची मीटिंग' असायची. (हा एक वेगळा अग्रलेख आहे, तो पुन्हा कधीतरी.) एप्रिलमध्ये गिऱ्हाइकांकडून देखभालीचे वार्षिक पैसे येतात, त्या एप्रिलमध्ये एकाचेही आले नाहीत. मैत्रिणीने पाटल्या गहाण ठेवून पगार केले. मालकीणबाई म्हणून तिला नावे ठेवणे मला म्हणूनच जमत नाही.

पहिला प्रश्न आला तो एका चौकटीचा. सवलत सगळ्यांना आपोआप लावायची, की मागेल तिलाच? एका कंपनीने सगळ्यांना लावली. दुसरीने सांगितले, मागेल तिलाच. म्हणून पडद्यावर एक ओळ आली: 'ग्राहकाने मागणी केली आहे का?' आणि काहीच भरले नाही तर उत्तर 'नाही'. एसटी बंद, गटाच्या बैठका बंद, शाखेला कुलूप. बाईने मागायला जायचे कुठे? त्या 'नाही'मुळे त्यांच्या खात्यांवर थकलेले दिवस चढत गेले आणि ती नोंद पुढच्या कर्जाच्या वेळी आडवी आली. कोणी वाईट हेतूने काही केले, असे नाही. कोणीतरी एक उत्तर आधीच भरून ठेवले होते, इतकेच.

दुसरी गोष्ट माझ्या हातची आहे. पहिल्या कंपनीच्या सभासद बायकांना मोबाइलवर संदेश पाठवायचा होता. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे बसतात. देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जाते. त्याहून मोठा झाला की एका संदेशाचे दोन होतात आणि खर्च दुप्पट. कंपनीचे नाव, खात्याचे शेवटचे आकडे आणि 'तुमचा हप्ता ३ महिने पुढे ढकलला आहे' एवढे बसले. 'व्याज चालू राहील' बसेना. कंपनी दुप्पट पैसे देईना. मैत्रीण म्हणाली, पुढच्या वेळी कळवू. मी ते तीन शब्द काढले. पुढची वेळ आलीच नाही.

ते संदेश तरी कोणाला गेले? नोंदीत एकच मोबाइल नंबर असतो आणि बऱ्याच खात्यांवर तो नवऱ्याचा किंवा मुलाचा होता.

ऑक्टोबरमध्ये सरकारने योजना आणली: २ कोटींपर्यंतच्या कर्जांना, मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांचे व्याजावरचे व्याज सरकार देणार. ऑफिसचा फोन वाजत राहिला. 'व्याज माफ झालं ना?' आता हिशेब पाहा. २०,००० रुपये बाकी, वर्षाला २४ टक्के, म्हणजे महिन्याला दोन. सहा महिन्यांचे सरळ व्याज २,४०० रुपये. चक्रवाढीने २,५२३. सरकारने दिले ते मधले १२३ रुपये. २,४०० बाईच्याच डोक्यावर राहिले. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याजावरचे व्याज कोणाकडूनच घेऊ नये असा निकाल दिला, पण मूळ व्याज माफ करण्याची मागणी मान्य केली नाही. पतसंस्थांना तर ते परिपत्रकही लागू नव्हते आणि ही योजनाही. त्यांच्या संचालकांनी आपापले ठरवले.

२०२१ मध्ये मी पुन्हा वस्तीत काम करू लागले. भाजी विकणाऱ्या एका मावशींनी कार्ड पुढे केले. हप्ते संपायला हवे होते, तरी पाच उरले होते. 'ताई, पुढं ढकलला म्हंजे माफ न्हवं व्हय?' मी नाही म्हटले. 'मग तसं का न्हाई लिवलं? मी शेजारणीकडनं उसनं आणून भरलं असतं की.' तो मजकूर मीच लिहिला होता, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही. पुढच्या बैठकीत सांगितले. त्या हसल्या, मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्याच वस्तीतल्या बचत गटाने स्वतःच्या ठेवीतून दिलेल्या कर्जावर चार महिने व्याज घेतले नव्हते. रजिस्टरात शाईने एक ओळ, खाली अकरा सह्या आणि दोन अंगठे. हा गट गोडीगुलाबीचा आहे असे समजू नका. त्या ठरावावर भांडण झाले, दोघींनी गट सोडला. पण ज्यांच्यावर कर्ज होते त्या भांडणाच्या वेळी हजर होत्या.

आपण चळवळीतल्या बाया सावकार ओळखतो, वसुलीला दारात बसणारा माणूस ओळखतो, त्याच्याविरुद्ध मोर्चा काढतो. पडद्यावर आधीच भरलेल्या 'नाही'वर मोर्चा कुठे न्यायचा, हे आपल्याला शिकावे लागणार आहे. सुरुवात करायला जागा आहे. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कर्जाचे कार्ड बाईला समजेल त्या भाषेत द्यावे लागते. त्यावर व्याज आणि इतर आकार लिहावे लागतात. उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो, सगळ्या कर्जावर नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, अशीही मर्यादा आहे. त्याच वेळी व्याजदरावरची जुनी कमाल मर्यादा मात्र गेली, हे विसरू नका.

पुढच्या अंकासाठी आम्हाला तुमच्या गटांतल्या बायकांच्या कर्जकार्डांच्या प्रती हव्या आहेत. नाव आणि खाते क्रमांक झाकून पाठवा. सोबत तीन गोष्टी कळवा: कार्ड मराठीत आहे का, २०२० च्या सहा महिन्यांची नोंद त्यावर कशी आहे, आणि कंपनीकडे नोंदवलेला मोबाइल कोणाच्या खिशात असतो.