गाडी उचलली, न्यायाचे काय?

सीमाभागातील कितीतरी घरांतून मुले-मुली आज उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेली आहेत. घरी येणाऱ्या खुशालीत परीक्षा, थंडी आणि स्वतःच्या हाताने केलेली आमटी यांचीच वार्ता बहुधा असते. परंतु आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलाने मध्यंतरी जी हकीकत कळविली, ती निराळ्या प्रकारची होती. कॅलिफोर्नियातील एका सरकारी विद्यापीठाच्या आवारात त्याने सायंकाळी आपली जुनी गाडी उभी केली, तीन तासांची परीक्षा दिली, आणि बाहेर येऊन पाहतो तो जागा रिकामी! गाडी चोरीस गेली असेच त्यास वाटले. चौकशीअंती कळले की, ती विद्यापीठाच्या पोलिसांच्या आज्ञेवरून उचलून नेण्यात आली आहे. परवाना त्याच्यापाशी होता. पण तो विद्यार्थ्यांच्या वाहनतळाचा, आणि गाडी उभी होती ती कर्मचाऱ्यांच्या वाहनतळात.

गाडी ओढून नेल्याचा खर्च, ती ठेवून घेतल्याचे दर दिवसाचे भाडे आणि त्याखेरीज दंडाची चिठ्ठी, असा तिहेरी भार त्याच्यावर पडला. खोलीच्या भाड्यासाठी राखलेले पैसे त्यात गेले. मित्रांनी सल्ला दिला, “आपण येथे परके. पैसे भर आणि गप्प बस.” हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी तो चुकीचा होता असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम विद्यापीठाची बाजू ऐकली पाहिजे. वाहनतळाचा प्रश्न तेथे क्षुल्लक नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क केर यांनी १९६३ साली विनोदाने सुचविले होते की, निरनिराळ्या वाटांनी जाणाऱ्या प्राध्यापकांना एकत्र बांधून ठेवणारा धागा म्हणजे वाहनतळाविषयीची त्यांची समाईक तक्रार! त्याच विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या प्राध्यापकास गाडीसाठी राखीव जागा मिळते, आणि तिचे अप्रूप पारितोषिकाहून कमी नसते असे लोक थट्टेने म्हणतात. फुकटची जागा वस्तुतः फुकट नसते, तिची किंमत कोणी ना कोणी मोजीतच असतो, हे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. जागा थोडी आणि गाड्या फार, अशा स्थितीत परवाना हवा, नियम हवा आणि नियम मोडणारास दंडही हवा. ज्याने वर्षाचे शुल्क भरून परवाना घेतला, त्याची जागा दुसऱ्याने अडविली तर अन्याय त्याच्यावर होतो. याविषयी आमचा वाद नाही.

वाद आहे तो दंड आणि उचलबांगडी यांतील भेदाविषयी. दंडाची चिठ्ठी म्हणजे आरोप होय. तिच्याविरुद्ध दाद मागता येते, आणि तोवर गाडी मालकाच्या हाती राहते. गाडी उचलण्यात मात्र शिक्षा आधी आणि सुनावणी मागाहून, असा उलटा क्रम असतो. शिवाय भाडे दिवसागणिक चढत असल्यामुळे विलंब हाच एक वेगळा दंड होऊन बसतो. ज्याच्या गाठी पैसा आहे तो तासाभरात गाडी सोडवितो. ज्याच्यापाशी नाही त्याचे देणे रोज वाढते. एकाच अपराधाची ही दोन मापे आहेत.

हा प्रश्न तेथील न्यायालयांपुढे आलेला आहे. १८६८ साली अमेरिकेच्या राज्यघटनेस जोडलेल्या चौदाव्या दुरुस्तीने, कायद्याच्या योग्य प्रक्रियेवाचून राज्यसंस्थेने कोणाचीही मालमत्ता हिरावून घेऊ नये असे बंधन घातले. त्याच आधारावर १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या स्टिपमन खटल्यात संघीय अपील न्यायालयाने ठरविले की, गाडी अडकवून ठेवावयाची आणि ती का अडकविली याचा जाब देण्यास पाच दिवस लावावयाचे, हे चालणार नाही. आज कॅलिफोर्नियाचा वाहन कायदा सांगतो की, सार्वजनिक संस्थेच्या आज्ञेने गाडी नेऊन ठेवली असेल तर मालकास लेखी सूचना गेली पाहिजे. सूचनेच्या तारखेपासून १० दिवसांच्या आत त्याने मागणी केल्यास, सुट्या वगळून ४८ तासांत सुनावणी झाली पाहिजे. आणि ज्याने गाडी उचलण्याची आज्ञा दिली त्यानेच ती सुनावणी घेता कामा नये. गाडी नेण्यास वाजवी कारण नव्हते असे ठरल्यास सर्व खर्च त्या संस्थेच्या माथी बसतो. याच कायद्याप्रमाणे सरकारी शिक्षणसंस्थेने आपल्या आवारातील विशेष नियमांचे फलक लावले पाहिजेत आणि त्या नियमांची लेखी प्रत मुख्य कार्यालयात उपलब्ध ठेवली पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्याने हेच हत्यार हाती घेतले. त्याने आधी गाडी सोडविली, कारण भाडे थांबविणे हे पहिले काम. पावती जपून ठेवली. वाहनतळाच्या दोन्ही प्रवेशद्वारांची छायाचित्रे घेतली. मग कार्यालयात जाऊन नियमांची लेखी प्रत मागितली, आणि तीत त्यास आढळले की, गाडी उचलावयाची असेल तर तशी सूचना फलकावर असलीच पाहिजे. पुढील दारावर ती होती. तो ज्या मागील दाराने आत शिरला, तेथील फलकावर केवळ परवान्याचा उल्लेख होता. तिसऱ्या दिवशी त्याने सुनावणी मागितली. उचलबांगडी अयोग्य ठरली व तो खर्च परत मिळाला. दंडाची चिठ्ठी मात्र कायम राहिली, आणि ती त्याने निमूटपणे भरली. चूक त्याची होतीच. तिला शिक्षाही झाली. पण ती मापात झाली.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा रकमेसाठी इतका खटाटोप कशाला? लॉस एंजेलिस शहराविरुद्धच्या डेव्हिड खटल्याचे उदाहरण त्यासाठी पाहण्याजोगे आहे. त्या गृहस्थाने १३४.५० डॉलर भरून गाडी सोडविली. फलक झाडांनी झाकला होता असे त्याचे म्हणणे होते. सुनावणी झाली ती २७ दिवसांनी. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विलंब घटनाबाह्य नाही असा निर्णय दिला. गाडी परत मिळालेली होती, प्रश्न उरला होता तो पैशाचा, असा त्याचा आशय. तो निर्णय मान्य. पण घटनेने आखलेली किमान मर्यादा ही चांगल्या कारभाराची कमाल मर्यादा मानण्याचे कारण नाही. श्रीमंताला जी रक्कम किरकोळ, ती विद्यार्थ्याच्या महिन्याचे गणित मोडते.

म्हणून विद्यापीठांकडून आमची अपेक्षा अधिक आहे. खासगी जागेत फलकाच्या आधारे गाडी उचलावयाची तर तोच कायदा प्रत्येक प्रवेशद्वारी किमान १७ इंच × २२ इंच आकाराचा आणि एक इंचाहून लहान अक्षरे नसलेला फलक मागतो. दुकानदाराने जे करावे ते ज्ञानाच्या मंदिराने करू नये काय? लेखी सूचना गाडीच्या नोंदीतील पत्त्यावर जाते. आणि खोल्या बदलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचा तो पत्ता पुष्कळदा जुना असतो. दहा दिवसांची मुदत त्याच्या नकळतच उलटून जाते. विद्यापीठापाशी त्याचा आजचा पत्ता असतो. तेथेही सूचना धाडण्यास कितीसा खर्च येतो? आणि सुनावणी घेणारा अधिकारी आज्ञा देणारा नसला तरी असतो पुष्कळदा त्याच संस्थेचा; तेव्हा निःपक्षपणाची शंका उरू नये म्हणून निर्णय कारणांसह लेखी दिला जावा.

विद्यार्थ्यांनाही आमचे दोन शब्द आहेत. फलक वाचा, परवाना कोठला आहे ते पाहा, नोंदीतील पत्ता बदला. आणि इतके करूनही गाडी गेलीच, तर संतापू नका, शरमूही नका; मुदतीच्या आत लेखी दाद मागा. नियम पाळणे हे जसे नागरिकाचे कर्तव्य, तसेच नियम करणाऱ्यास त्याचाच नियम दाखविणे हेही कर्तव्यच आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरचे शिस्तीने वागावे हे खरे. परंतु यजमानाच्या घरी न्यायाचे दार उघडे असेल, तर ते ठोठावण्यास पाहुण्याने लाजू नये.