गाडीला पाटे वाढवण्याआधी



बेणे-वाटपाच्या आणि खत उचलण्याच्या दिवसांत गोदामापुढे छोट्या गाड्यांची रांग लागते. छोटा हत्ती, पिकअप, सुपर कॅरी, एखादी जुनी मझदा. यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकाशी वाकून पाहिले, तर कंपनीच्या पाट्यांवर आणखी एक-दोन पाटे चढवलेले दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले : "साहेब, गाडी बसायली होती. दोन पाटे टाकले, आता कितीबी भरा."

या 'कितीबी भरा'बद्दल आम्हाला लिहायचे आहे. ऊसविकास खात्याने गाडीच्या पाट्यांत कशाला लक्ष घालावे, असे कोणी म्हणेल. पण त्या गाडीत जे बेणे आणि जी रोपे जातात, त्यांची उगवण पाहायला पुढे आम्हालाच बांधावर यावे लागते.

ही खोड नवी नाही. १९८० नंतरच्या दशकात जपानी घडणीच्या हलक्या ट्रका आपल्याकडे आल्या. स्वराज-मझदा, डीसीएम-टोयोटा, पिथमपूरची आयशर-मित्सुबिशी आणि आपल्याला जवळची म्हणजे बिदरच्या पलीकडे झहीराबादला बनणारी ऑल्विन-निसान. गाड्या पळायला हलक्या, डिझेलला बऱ्या. पण त्यांची मूळ घडण सपाट डांबरी रस्त्याची आणि पासिंगइतक्याच वजनाची. आपल्याकडे वजन पासिंगपेक्षा व्यापाऱ्याच्या मनावर ठरायचे. मग गॅरेजवाल्यांनी पाटे वाढवायला सुरुवात केली. १९८६ साली टाटाची ४०७ आली, ती मुळातच आपले रस्ते आणि आपली ओझी ओळखून दणकट बांधलेली, आणि ती टिकली. ऑल्विन पुढे महिंद्राकडे गेली. झहीराबादला आता महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. गाड्या गेल्या, पण गाडी म्हटली की पाटे वाढवायचेच, ही सवय मागे राहिली. ती सवय आज २००५ साली निघालेल्या छोट्या हत्तीला लावली जाते, ज्याची मूळ क्षमता जेमतेम पाऊण टन.

पाट्याचा हिशोब थोडा समजून घेऊ. एकाच मापाचे पाटे असतील तर जितके पाटे वाढतील तितक्या पटीत ताठपणा वाढतो. पण जाडी वाढवली तर गणित वेगळे होते. पाट्याची जाडी सव्वापट केली की त्याचा ताठपणा सव्वापट होत नाही, जवळजवळ दुप्पट होतो. मिस्त्री भंगारातल्या मोठ्या ट्रकचा जाड पाटा कापून बसवतो, तेव्हा त्याला वाटते आपण थोडी मदत दिली. प्रत्यक्षात गाडीची लवचीकता निम्म्यावर येते. त्यातून तो पाटा गॅसवर तापवून वाकवला किंवा त्याला वेल्डिंग मारले, तर काम आणखी बिघडते. कोयत्याला लोहार पाणी देतो तसेच पाट्यालाही कारखान्यात पाणी दिलेले असते. तापवले की ते उतरते. असा पाटा भर ओझ्यात मोडतो.

बरे, पाटे धरले तरी बाकीची गाडी तीच राहते. एक्सल तोच, हबचे बेअरिंग तेच, टायर तेच, चासी तीच. आधी पाटा बसायचा आणि मालकाला कळायचे की ओझे जास्त झाले. आता पाटा बसत नाही, त्यामुळे कळतही नाही, आणि मार चासीवर जातो. पाटा मोडला तर दुरुस्तीचा खर्च हजारांत असतो. चासीला चीर गेली किंवा उतारावर बेअरिंग धरले, तर खर्चाचा आकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

ब्रेकचे तर कोणी विचारातच घेत नाही. दुप्पट वजन थांबवायला ब्रेकला दुप्पट काम पडते, आणि ब्रेक तर आपण वाढवलेले नसतात. त्यात काही पिकअपच्या मागच्या एक्सलपाशी एक दांडी जोडलेली असते. गाडी ओझ्याने किती खाली बसली हे त्या दांडीवरून ओळखून एक वॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. पाटे ताठ केले की गाडी बसत नाही. वॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा जोर कमी ठेवतो. म्हणजे ओझे सर्वांत जास्त, तेव्हाच मागचा ब्रेक सर्वांत ढिला. ही गोष्ट आमच्या गटातल्या किती ड्रायव्हरांना ठाऊक आहे, देव जाणे. कोणी एक्सलवर ठोकळे ठेवून गाडी उंच करतात. उंच गाडी आपल्या काळ्या रानातल्या पाणंदीत, एका चाकाची चाकोरी खोल असताना, कशी कलंडते हे सांगायला नको. वर बेण्याच्या मोळ्यांवर चार माणसे बसलेली असतात.

आता आमच्या खात्याचे. लागणीला एकरी दोन डोळ्यांची दहा हजार टिपरी लागतात, म्हणजे वीस हजार डोळे. वजनाने हे बेणे अडीच-तीन टनांच्या घरात जाते. पाऊण टनाच्या गाडीच्या चार खेपा होतात, आणि सभासद त्या दोनांत बसवायला बघतो. खालच्या थरावर वरचे ओझे, त्यात ताठ पाट्यांचा हादरा. शंभरात पाचच डोळे मोडले तरी एकरी हजार डोळे गेले. मग जूनअखेर नांग्या दिसतात आणि आम्हाला ऐकावे लागते की बेणे खराब दिले! रोपांचे याहून नाजूक. ट्रेमधली रोपे वजनाला हलकी, त्यामुळे वाढवलेले पाटे जरासुद्धा लवत नाहीत आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ ट्रेला बसतो. मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा फुटला की पांढरी मुळे उघडी पडतात. चार बाय दोन फुटांवर एकरी ५,४०० च्या आसपास रोपे बसतात. ती पैसे मोजून घेतलेली असतात.

जुन्या टायरगाडीला कुठे पाटे होते, असेही कोणी म्हणतात. नव्हते. पण ती बैलाच्या चालीने जायची. तोच दणका ताशी पन्नास किलोमीटरला काय करतो, हा फरक आहे.

कायद्याचेही ध्यानात असू द्यावे. पाटे वाढवल्याने आरसी बुकातले वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा ओझ्याला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. बेकायदा बदलाची शिक्षा वेगळी. अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला जागा शोधतच असते, ती आपण होऊन दाखवून कशाला द्यायची?

सभासदाची अडचण आम्हाला दिसत नाही असे नाही. डिझेल महाग, भाड्याची गाडी खेपेवर, पाऊस पडला की पाणंद बंद. एका खेपेत जास्त नेले तर चार पैसे वाचतात हे खरे आहे. शिवाय टनावर भाडे ठरले की भरणारा जास्त भरणारच, त्याला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, बेणे आणि रोपांच्या वाहतुकीला कारखान्याने जी काही मदत द्यायची ती टनावर न देता खेपेवर द्यावी, आणि बेण्याच्या चिठ्ठीवर गाडीचे पासिंग लिहून तेवढाच माल भरावा. बेणेमळे प्रत्येक गटात दोन-तीन ठिकाणी झाले तर लांबची खेपच उरणार नाही. पाणंदींसाठी राज्याने २०२१ साली मातोश्री योजना आणली. ज्या गावांनी ठराव केले नसतील त्यांनी ग्रामसभेत ते करून घ्यावेत. हा विषय आम्ही वार्षिक सभेपुढे ठेवणार आहोत. विरोधात बोलायचे असेल त्यांनीही जरूर बोलावे.

गाडी खरोखरच बसत असेल, तर आधी मोडलेला पाटा, झिजलेले बुश आणि शॅकल पिना पाहाव्यात. कंपनीच्या मापाचा नवा संच टाकावा आणि पहिल्या दोन-चार भरलेल्या खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. ज्यांनी पाटे आधीच वाढवले आहेत, त्यांनी निदान आडसालीची रोपे न्यायला येण्याआधी ते उतरवून यावे, आणि मिस्त्रीकडे गाडी उभी असतानाच ब्रेकच्या त्या दांडीची तपासणी करून घ्यावी.

– ऊसविकास अधिकारी